नागपूर ते तामिया, उघड्या जीपमधून: हूड कुठे काढायचा, कुठे लावायचा

नागपूर ते तामिया, म्हणजे मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं डोंगरावरचं गाव, सुमारे 180 किलोमीटर. कोराडी, सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, परासिया आणि मग तामिया. बंद गाडीत चार-साडेचार तासांचा सरळ रस्ता. उघड्या जीपने पाच-साडेपाच तास धरा, आणि हूड, म्हणजे गाडीचं कापडी छत, घरूनच काढून निघू नका. या रस्त्यावर हूड काढून मजा येते ती काही पट्ट्यांतच. उरलेल्या पट्ट्यांत राख आहे, रेती आहे, कोळसा आहे, आणि ते सगळं थेट तुमच्या मांडीवर येतं. त्यामुळे हूड काढायला आणि लावायला किती वेळ लागतो, यावर हा प्रवास सुखाचा की वैतागाचा हे ठरतं.

आधी गाडीचं बघू. कंपनीतूनच कापडी छत घेऊन आलेली थार किंवा जुनी जिप्सी असेल तर प्रश्न नाही. बंद छताची गाडी कापून ‘ओपन’ करून देणारे गॅरेजवाले नागपुरात सहज भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि मुख्य म्हणजे कापलेल्या गाडीत उलटल्यावर डोकं वाचवणारं काहीच उरत नाही. उघड्या गाडीत ते काम रोल केजचं, म्हणजे सीटभोवतीच्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्याचं. निघण्याआधी त्याचे बोल्ट पान्याने तपासा. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतात आणि पहिली खूण म्हणून टकटक आवाज येतो. डोक्याजवळच्या नळ्यांवर फोमचं कव्हर हवंच.

सीटबेल्ट सगळ्यांनी लावायचा. कायद्यात दंड 1000 रुपयांचा आहे, पण तो मुद्दा गौण. बंद गाडीत आपटणारा माणूस बहुतेक वेळा गाडीतच राहतो, उघड्या गाडीत तो बाहेर फेकला जातो. जुन्या गाड्यांत मागे समोरासमोर बाकं असतात आणि त्यांना धड बेल्ट नसतो. अशा बाकावर या प्रवासात कोणाला बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच. तिथे सामान ठेवा. रोल केज धरून उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याला गाडी थांबवून खाली बसवायचं, मग तो जावईबापू असला तरी.

हूड काढण्याचा सराव घरी, अंगणात, आदल्या दुपारी करा. दुपारी अशासाठी, की मागच्या आणि बाजूच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या थंडीत कडक होतात आणि पहाटे दुमडल्या तर तडकतात. ऊन लागून मऊ झाल्या की मग हात लावा. क्रम बहुतेक गाड्यांत असा: आधी मागच्या खिडकीची झिप दोन्ही बाजूंनी उघडा आणि खालची कड फाळक्यावरच्या पट्टीतून सोडवा. मग बाजूच्या खिडक्यांचा वेल्क्रो. सगळ्यात शेवटी पुढच्या काचेवरचे दोन लॅच. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून छत मागे घ्या. दांड्यांमध्ये कापड अडकत नाही ना हे आतून हात घालून बघा, नाहीतर तिथेच भोक पडतं. मग पट्ट्याने आवळा. जिप्सीत टिचबटणं असतात. ती कापड ओढून उघडू नका, बटणाच्या कडेखाली अंगठा घालून उचला.

लावताना पुढचे लॅच आधी, मागची झिप शेवटी. झिप आधी लावली की कापड ताणलं जातं आणि लॅच बोटभर अंतरावर राहतात. मग दोन माणसं लोंबकळली तरी पोचत नाहीत. अडकणाऱ्या झिपेवर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून दुसऱ्या दिवशी झिप आणखी अडते. काढलेल्या खिडक्या जुन्या सुती चादरीत सपाट ठेवून सैल गुंडाळायच्या, घडी घालायची नाही. दोन खिडक्या कापडाविना एकमेकींवर ठेवल्या की मधल्या धुळीने त्यांना चरे पडतात, आणि परतताना समोरच्या दिव्यांच्या उजेडात त्या दुधी दिसायला लागतात.

आता रस्ता. सकाळी सहाला मानकापूरवरून निघा, हूड लावलेला. कोराडी आणि खापरखेडा या दोन्ही औष्णिक केंद्रांच्या पट्ट्यात राखेचे टिप्पर भेटतात. ताडपत्री कितीही आवळलेली असली तरी थोडी राख उडतेच, आणि ती डोळ्यात गेली की पाण्याशिवाय निघत नाही. पुढे सावनेरपर्यंत रेतीचे टिप्पर. त्यांच्या मागे निदान चार सेकंदांचं अंतर ठेवा. चाकातून उडालेला खडा काचेवर आदळतो, पण हूड काढलेला असला तर काचेवरून उडालेला खडा मागच्या सीटवरच्या माणसाला लागतो.

इथे एक चूक बरेच जण करतात: हूड लावलेला, समोरच्या काचा बंद, आणि ‘हवा खेळावी’ म्हणून फक्त मागची खिडकी उघडलेली. ही सगळ्यात वाईट अवस्था. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे घोटाळणारी हवा धूळ आणि स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर घेऊन आत शिरते. तासाभरात मागच्यांचं डोकं दुखायला लागतं आणि खापर फुटतं सकाळच्या तर्री-पोह्यांवर. एकतर सगळं बंद ठेवा, नाहीतर सगळं उघडा. हूड पूर्ण काढल्यावरही हवा काचेवरून जाऊन मागून पुढे वळते, म्हणून ड्रायव्हरपेक्षा मागच्या सीटवर धूळ आणि गारठा जास्त. रोल केजवर पुढच्या सीटच्या मागे एक बारीक जाळी ताणून बांधली की हा झोत बराच मोडतो. शेतात सावलीसाठी वापरतात ती हिरवी जाळी चालते. चारही कोपरे नीट बांधा, फडफडणारी जाळी वैताग आणते.

सावनेर सोडलं की पहिल्या बऱ्या ढाब्यावर हूड काढा. इथून सौंसरपर्यंत आणि पुढे घाटापर्यंतचा पट्टा उघड्या गाडीसाठीच आहे. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची फळं झाडावर असतात. पण खरी वेळ जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. तेव्हा आंबियाची फुलं येतात आणि सकाळच्या जड हवेत तो वास रस्त्यावर उतरलेला असतो; बंद गाडीतल्याला तो कळतसुद्धा नाही. बागेत फवारणीचा पंप सुरू दिसला तर मात्र तोंडावर दुपट्टा घ्या आणि न थांबता पुढे जा.

वेग 60 ते 70. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 60 वरून 80 वर गेलात तर तो पावणेदोन पट होतो, आणि 100 ला गप्पा, टोपी, गाणी सगळं संपतं. दारांच्या काचा वर ठेवा. त्याने उघडेपणा कमी होत नाही, पण खांद्यावरचा वारा बराच तुटतो. हीटर चालू करून झोत पायांकडे ठेवा. उघड्या गाडीत हीटर लावणं हास्यास्पद वाटतं, पण गरम हवा डॅशबोर्डखाली साचून राहते आणि पाय गरम असले की वरचा गारठा सोसवतो.

सौंसरजवळ जामसांवळीचा निद्रिस्त मारुती आहे. मंगळवार-शनिवारी गर्दी असते. उघडी गाडी तिथे एकट्याने सोडू नका, आळीपाळीने दर्शन घ्या. प्रसादाची पिशवी सीटवर ठेवायची नाही. माकडांना ती दुरून दिसते आणि ती फक्त पिशवी नेत नाहीत, सीटचं कापडही उसवून जातात.

सिल्लेवानी घाट हा प्रवासातला सर्वांत देखणा तुकडा. सागाचं जंगल, वळणं आणि डोक्यावर फांद्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये या. क्लच दाबून गाडी सोडली की ब्रेक तापतात, आणि उघड्या गाडीत तो जळका वास लगेच येतो. आला की थांबून वीस मिनिटं गार होऊ द्या, वरून पाणी ओतू नका. वळणावर हॉर्न वाजवा आणि समोरून येणारा हॉर्न ऐका. या एका बाबतीत उघडी गाडी बंद गाडीपेक्षा सरस. गाणी घाटात बंद.

घाट संपला की छिंदवाडा गाठेपर्यंत हूड उघडा ठेवायला हरकत नाही. डिझेल-पेट्रोल छिंदवाड्यातच पूर्ण भरा आणि तिथेच हूड लावा. पुढे परासिया हा कोळसा खाणींचा भाग आहे. ती काळी धूळ घामावर बसली की साबणाने दोनदा धुवावी लागते आणि हलक्या रंगाच्या सीटवरून तर जातच नाही. परासिया मागे पडून चढ सुरू झाला की हूड पुन्हा काढा. इथून तामियापर्यंत सातपुड्याचे डोंगर उघडत जातात.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, तामिया हजार मीटरच्या वर. तेवढ्या उंचीने तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. नागपुरात पहाटे 11-12 अंश असतील तर तामियात सहा-सात धरा, आणि त्यावर वारा. एक जाड स्वेटर कामाचा नाही, वारा त्यातून आरपार जातो. आत गरम बनियन, वर साधा शर्ट, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट, रेनकोटचं चालेल. कानटोपी आणि हातमोजे. ड्रायव्हरचे हातमोजे लोकरीचे नकोत, स्टिअरिंगवर सरकतात.

आणि तरीही ऊन लागतं. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे, दुपारनंतर दक्षिणेकडे परतताना तोही उजवीकडेच. म्हणजे दोन्ही वेळा ड्रायव्हरचाच उजवा कान, मान आणि हात भाजतो. गार वाऱ्यात ते कळत नाही, रात्री कळतं. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पाणी माणशी तीन लिटर. वाऱ्याने घाम लगेच सुकतो, तहान उशिरा लागते. एप्रिल ते जून हा प्रवास उघड्या गाडीने करू नका. मे महिन्यात दुपारी दोनला सीटबेल्टचं बक्कल चटका देतं.

डोळ्यांसाठी दोन चष्मे: दिवसा गॉगल, संध्याकाळसाठी साध्या काचेचा. सांजवेळी किडे काचेवरून वळून डोळ्यात येतात आणि काळा गॉगल तेव्हा लावता येत नाही.

सामान रोल केजच्या उंचीखाली, जाळी टाकून, आकड्यांनी बांधलेलं. पिशव्या जाड काळ्या प्लास्टिकमध्ये, पावसापेक्षा धुळीसाठी. पाकीट, फोन, कागद डॅशबोर्डवर ठेवायचे नाहीत. मौल्यवान वस्तू लागतील तेवढ्याच आणा आणि थांबलात की सोबत न्या, कारण उघड्या गाडीचं दार बंद करून काही होत नाही.

रात्री तामियात गाडी हूड लावून उभी करा, वर ताडपत्रीही टाका. दव इतकं पडतं की सकाळी कापडाला हात लावला तर पाणी गळतं. ओला हूड दुमडला तर दोन दिवसांत काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. ऊन येऊन कापड कोरडं होईपर्यंत चहा घ्या. पाताळकोटला जायचं असेल तर याच वेळेनंतर निघा. भारिया आणि गोंड लोकांच्या गावांची ती घोड्याच्या नालासारखी दरी धुकं विरल्याशिवाय दिसतही नाही. खाली उतरणारा रस्ता अरुंद आहे; अनोळखी ड्रायव्हरने गाडी वर ठेवून पायी जाणं बरं. अंधार पडल्यावर जंगलाच्या पट्ट्यात उघडी गाडी थांबवू नका. अस्वल आणि बिबट्या दोन्ही या डोंगरांत आहेत.

विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. पश्चिमेला काळं दिसलं की थेंबाची वाट न बघता थांबून हूड लावा. गारा सुरू झाल्यावर लॅच शोधत बसता येत नाही. भिजलंच तर आधी सीटचा फोम पुसा. तळाला पाणी सोडायची बुचं असलेली गाडी असेल तर ती उघडा, आणि नंतर लावायला विसरू नका, नाहीतर परतीला परासियाचा कोळसा खालून येईल.

घरी पोचल्यावर प्लास्टिकच्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ ओलं फडकं. रॉकेल, पेट्रोल किंवा काचेचा स्प्रे लावला की प्लास्टिक पिवळं पडतं. एअर फिल्टर काढून झटका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, क्लिप लावून तसाच धरून ठेवा, ओल्या फडक्याने पुसा आणि सुकल्यावरच आत सोडा. त्यातली धूळ आत गेली की रीळ अडतं आणि पुढच्या वेळी बेल्ट अर्ध्यावरच थांबतो.