दहा दिवस नसतील तर बालगृहात आरोग्यसेवेला जाऊ नये

कोकण किनाऱ्यावरील मुलींच्या बालगृहात आरोग्य स्वयंसेविका म्हणून जाण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते : हाताशी सलग दहा दिवस नसतील तर जाऊ नये. त्या खर्चात औषधे विकत घेऊन पाठवावीत, त्याचा उपयोग अधिक होईल. मला हे कोणी सांगितले नव्हते. चार दिवसांचे काम म्हणून मला पाठवण्यात आले आणि तिथे पोहोचल्यावर रजा वाढवून घ्यावी लागली. मी पेशाने परिचारिका आहे, पण या कामासाठी पदवीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

स्वयंसेवकांना अशा ठिकाणी पाठवणाऱ्या एका गटामार्फत मी गेले. त्यांच्या माहितीपत्रकावर समुद्र होता, माड होते, गोल करून बसलेल्या हसऱ्या मुली होत्या आणि खाली ‘आरोग्य तपासणी व संवाद’ असे लिहिलेले होते. जेवण, निवास व औषधपेटी यांसाठी म्हणून माझ्याकडून साडेसहा हजार रुपये ‘सहभाग शुल्क’ घेतले गेले. बालगृहाच्या अधीक्षिकांशी दुसऱ्या दिवशी हिशेबाचे बोलणे निघाले तेव्हा कळले, की जेवणाचा आणि निवासाचा एक रुपयाही त्यांच्याकडे आलेला नव्हता; त्या मला आपल्या खर्चाने जेवू घालत होत्या. आली होती ती फक्त पेटी. ती उघडली तर आत खोकल्याची व जीवनसत्त्वांची सरबते, चिकटपट्ट्या, हात धुण्याचे सुगंधी द्रव आणि त्या गटाचे नाव छापलेल्या टोप्या! ज्या घरातल्या अर्ध्याहून अधिक मुली रात्रभर अंग खाजवत होत्या, तिथे खरजेच्या मलमाची एक ट्यूब नव्हती. म्हणून सांगते, कोणालाही शुल्क देऊ नये. थेट बालगृहाच्या अधीक्षकांना दूरध्वनी करावा, कोणती औषधे संपली आहेत ते विचारावे, ती आपल्या पैशाने घ्यावीत आणि राहण्याजेवण्याचे पैसे त्यांच्याच हातात, पावती घेऊन द्यावेत. मी परतल्यावर त्या गटाकडे हिशेब मागितला. उत्तर म्हणून पुढच्या मोहिमेचे माहितीपत्रक आले.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. चिपळूणच्या पश्चिमेला, गुहागर रस्त्याने जावे लागते, एवढे पुरे. मुंबईहून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने चिपळूणला उतरावे. महामार्गाच्या नादी लागू नये. जून ते ऑक्टोबर रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते आणि गाड्या सावकाश धावतात, हे धरून चालावे. पुण्याहून येणाऱ्यांना कराड, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट हा मार्ग आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्याची अवस्था काय असते हे घाट उतरताना पाठीच्या कण्याला कळते. चिपळूणचे रेल्वे स्थानक शहराबाहेर आहे, आणि स्थानकाच्या दारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने मला गावापर्यंत सोडण्याचे अठराशे रुपये सांगितले. ‘‘एसटी आता नाही, ताई,’’ असे तो ठामपणे म्हणाला. एसटी होती. शहरातल्या बसस्थानकावर जाऊन गुहागरची गाडी पकडली, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि शंभराची नोट मोडून सुटे पैसे परत आले. शृंगारतळीला बाजारपेठ आहे. औषधांची शेवटची खरेदी तिथेच करून घ्यावी, कारण पुढे फाट्यावर उतरल्यावर जांभ्याचा उतार, पाठीवरची पिशवी आणि चालणे एवढेच आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फाट्यावरच्या टपरीवर वाहनाची चौकशी करावी. ‘‘वायच थांबा, गाडी येतेच आहे,’’ असे उत्तर मिळेल. त्याचा अर्थ अर्धा तासही होतो आणि दोन तासही.

जाण्याचा काळही नीट निवडावा. गणपतीच्या आधी येणारे स्वयंसेवक पुष्कळ असतात. त्यांचे काम पाण्यात जाते असे मी तरी म्हणेन. ज्या मुलींना नातेवाईक आहेत त्या बाल कल्याण समितीच्या परवानगीने सणाला घरी जातात, एका अंथरुणात पाच-सहा जणी झोपतात आणि परतताना खरूज व उवा घेऊन येतात. शिवाय त्या दिवसांत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. अनंत चतुर्दशी उलटून मुली परत आल्या की मग जावे. मी तेव्हाच गेले, तो मात्र योगायोग होता.

आता खरजेविषयी, कारण तिथल्या दिवसाचा निम्मा भाग तिच्यातच गेला. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचे, आठ ते चौदा तास ठेवायचे, मग आंघोळ, आणि सात दिवसांनी पुन्हा तेच. हा दुसरा हात चुकला तर पहिला वाया जातो, आणि दहा दिवसांचा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. चार दिवसांत पहिला हात देऊन छायाचित्र काढून परतणारे स्वयंसेवक पुढच्या महिन्यात तीच खरूज तशीच शिल्लक ठेवून जातात. ३० ग्रॅमची एक ट्यूब प्रौढ व्यक्तीला लागते, बारा वर्षांखालील मुलीला साधारण अर्धी. त्या हिशेबाने आणि वर थोडी जास्त न्यावी. औषध लिहून देण्याचा अधिकार आपला नव्हे, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटावे. त्यांनी आनंदाने चिठ्ठी दिली आणि ‘‘सगळ्यांना एकाच दिवशी, स्वयंपाकिणीलासुद्धा,’’ असे बजावले.

सगळ्यांना एकाच दिवशी हे म्हणायला सोपे आहे. रात्रीची जेवणे उरकल्यावर मुलींना वयाप्रमाणे रांगेत बसवले, नखे कापली आणि मग एकेकीचे बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेच्या नाडीखाली, पायाच्या बोटांमध्ये मलम चोळले. मोठ्या मुलींनी एकमेकींच्या पाठीला लावले. एक लहानगी हात धुऊन आली म्हणून तिच्या हातांना पुन्हा लावले. ती पाणी प्यायला गेली आणि पुन्हा धुऊन आली. तिसऱ्यांदा तिच्या हातांवर जुने मोजे चढवले. दिवे जाण्याआधी हे आटोपेल असे वाटले होते. निम्म्यावर दिवे गेले आणि उरलेले काम विजेरीच्या उजेडात झाले. स्वयंपाकाच्या मावशींनी स्वतःला मलम लावून घ्यायला साफ नकार दिला. ‘‘मला काय झालंय?’’ हा त्यांचा प्रश्न होता. अधीक्षिकांनी आधी स्वतः लावून घेतले तेव्हा त्या तयार झाल्या.

कपड्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. पुस्तकात लिहिलेले असते की कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. त्या दमट हवेत कपडा दोन दिवस दोरीवर राहिला तरी ओलसरच लागतो, आणि चाळीसेक मुलींच्या पांघरुणांना पुरेल एवढे पाणी तापवायला सरपण नसते. त्यावर उपाय असा : कपडे व गोधड्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधावे आणि निदान तीन दिवस उघडू नये. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. त्यामुळे बरोबर औषधांखालोखाल कोणती गोष्ट न्यावी, तर जाड काळ्या पिशव्या. प्रत्येकीला त्या तीन दिवसांसाठी एक जादा पांघरूण मात्र हवे. जुन्या चादरी नेल्यात तर कोणी नाक मुरडणार नाही.

खरजेबाबत आणखी दोन गोष्टी. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. ती औषध लागू न पडल्याची खूण नाही. हे मावशींना चार वेळा सांगावे, नाहीतर आपली पाठ फिरताच मलमाचा मारा सुरू होतो. दुसरी अधिक गंभीर आहे. खाजवून पू झालेल्या जखमांतल्या जंतूंमुळे काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. एखाद्या मुलीचा चेहरा सकाळी डोळ्यांखाली फुगलेला दिसला किंवा लघवी चहासारखी तांबूस झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नायट्यावर दुकानदाराने दिलेली ‘तीन-चार औषधे एकत्र’ असलेली मलमे सापडली तर ती बाजूला काढावीत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते, चार दिवस बरे वाटते आणि नायटा पसरत जातो. नायट्याचे मूळ बऱ्याचदा दमट अंतर्वस्त्रांत असते आणि मुली लाजेने ती कपाटाच्या आडोशाला वाळवतात. स्वयंपाकघराच्या पडवीत चुलीच्या उबेला एक दोरी, तिच्यासमोर एक पडदा, एवढी सोय करून दिली. माझ्या मते माझ्या तिथल्या राहण्यातले सर्वांत उपयोगी काम तेच.

एरवी दिवस असा जातो : पहाटे आंघोळी, पेज, शाळा, आणि मुली शाळेत असताना नोंदवह्या. त्या नोंदवह्या आधी वाचाव्यात आणि मग पेटी उघडावी. शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, फेब्रुवारी व ऑगस्टच्या १० तारखेला जंतनाशक दिन असतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळाशाळांतून तपासणी करते. आपण उत्साहाने त्याच गोळ्या दुसऱ्यांदा वाटणे म्हणजे सेवा नव्हे. पथकाने ‘दंतचिकित्सेसाठी पाठवावे’, ‘चष्मा’ असे शेरे मारलेल्या मुलींची यादी करावी आणि त्यांना तालुक्याला कोण, कधी, कोणत्या गाडीने नेणार ते अधीक्षिकांबरोबर बसून ठरवावे. शेरे बरेच होते, नेणारे हात कमी होते. मी दोन मुलींना चष्म्यासाठी घेऊन गेले, त्यात सबंध दिवस गेला. तोही हिशेबात धरावा. रविवारी सगळ्या जणी समुद्रावर गेलो, छान वाटले, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र बरोबर न्यावे. ते नसेल तर मुक्काम मिळणार नाही आणि मिळूही नये. पुरुषांना त्या बालगृहात मुक्काम नाही, तेव्हा जोडप्यांनी शेजारच्या गावात खोली बघावी. मुलींची छायाचित्रे काढू नयेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणारा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. माझ्या माहितीपत्रकावरच्या त्या हसऱ्या मुली कुठल्या होत्या हा प्रश्न मी त्या गटाला विचारला आहे. ‘तू इथे कशी आलीस’ असे कोणत्याही मुलीला विचारू नये.

रात्री बाहेर जाताना विजेरी व बंद पादत्राणे हवीत. फुरसे तिथे घराच्या चिऱ्यांत आणि लाकडांच्या ढिगात असते, ते लहान असते आणि त्याला कमी लेखले जाते. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे हे पोहोचल्याच्या दिवशीच विचारून भिंतीवर लिहावे, १०८ क्रमांकही तिथेच. जखम कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक, यांतले काही करू देऊ नये. भातकापणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात गेलेल्या मुलीला ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका घेऊन दवाखाना गाठावा. साधा ताप म्हणून थांबू नये.

दुसरा हात दिला की त्याच्या दुसऱ्या दिवशी निघावे, आधी नाही. पहाटेची वस्तीची गाडी चिपळूणला वेळेत पोहोचवते. तिच्या वाहकाला आदल्या रात्री सांगून ठेवले तर तो फाट्यावर थांबतो. स्थानकाबाहेरचा तो रिक्षावाला परतीलाही भेटला. त्याने या वेळी पंधराशे सांगितले, आणि मला कुठे जायचे हे विचारलेही नव्हते.