गाद्यांच्या चळतीत

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजची साधी कामं जमावीत म्हणून मदत करणारी. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरी मी त्या रविवारी गेले होते. निमित्त होतं नखांचं. पाच वर्षांच्या ओमला (नाव बदललंय) नेलकटर नुसतं दिसलं तरी तो असा किंचाळायचा की शेजारपाजारचे विचारायला यायचे. झोपेत कापावीत, तर बोटाला हात लागताच जागा.

मी बसतेय तोच आजींनी आत मिक्सर लावला. ओम कान दाबून धावत सुटला. आई उठली, पण मी तिला थांबवलं. कोपऱ्यात गाद्यांची चळत होती. खालच्या दोन गाद्यांमध्ये त्यानं पाय घुसवले, मग कंबर, बघता बघता खांद्यापर्यंत आत. बाहेर फक्त डोकं आणि एक हात. त्या हाताची मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी त्या मुठीकडेच बघत राहिले. मिक्सर थांबला. अंगठा सुटला, मग करंगळी, मग सगळी बोटं सैल.

“हट्ट आहे नुसता, ताई,” आजी म्हणाल्या.

हट्ट नव्हता. स्पर्श, आवाज जरा जास्तच जाणवणाऱ्या ओमसारख्या मुलांना हलका, अवचित स्पर्श बोचतो. घट्ट आणि सारखा दाब मात्र बऱ्याच जणांना शांत करतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२ साली पुस्तकरूपानं मांडलेला विचार आम्ही अजून अभ्यासतो: स्पर्श, तोल, स्नायू-सांध्यांची जाणीव यांची मेंदूत नीट सांगड बसायला हवी. ओमनं आपला उपाय स्वतःच शोधला होता. घरचे रोज त्याला त्या गाद्यांमधून ओढून काढत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

आजी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तान्हा असताना मी तेल रगडायचे, तेव्हा गुमान पडून राहायचा हो.”

मी सोबत आणलेली साहित्याची पिशवी उघडलीच नाही. आजींनाच म्हटलं, आज तुम्ही करा, मी बघते. पुऱ्यांची कणीक भिजवायची होती. ओल्या पिठाला ओम हात लावेना. गोळा घट्ट झाल्यावर, हाताला चिकटेनासा झाल्यावर, त्यानं दोन्ही मुठींनी तो रेटला. मग तांदळाचा छोटा डबा स्वयंपाकघरातून माजघरात, परत स्वयंपाकघरात. वजन उचलणं, ढकलणं यांनी अंगाला हवं ते मिळतं. मिक्सरचं बटण आता त्यालाच दाबायला द्या, म्हटलं. आवाज कधी येणार हे आधी कळलं की अर्धी भीती कमी होते. (प्रत्येक मुलाला हेच जमेल असं नाही. कुणाला गाद्याही नकोशा वाटतील.)

शेवटी झोपाळा. गुजरातेत राहण्याचं हे एक सुख, घरात झोपाळा असतोच. आजींनी ओमला घट्ट धरून सावकाश पुढे-मागे झोका घेतला, एकाच लयीत. गोल फिरवू नका, एवढंच मी सांगितलं, त्यानं तो आणखी बिथरला असता. त्या एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत होत्या, ओम मोजत होता. एक नख. दुसरं. तिसरं. चौथ्याला त्यानं हात मागे घेतला. “बास.”

“अजून सात राहिली,” बाबा म्हणाले.

“राहू देत,” आजी म्हणाल्या आणि नेलकटर ओमच्या खिशात ठेवलं.