आमची वाटचाल : काजूची शेड आणि नेतृत्वाच्या रीती

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील आमचा काजू कारखाना वडिलांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस घरामागील शेडमध्ये उभा केला, आणि पुढील जवळजवळ दोन दशके त्याचा सारा कारभार त्यांच्या तोंडी हुकमावर चालला. मार्च ते मे या हंगामात काजूबी कोणत्या भावाने घ्यायची, तिला किती ऊन द्यायचे, कोणाला किती उचल द्यायची आणि भरलेले डबे कोणत्या व्यापाऱ्याकडे पाठवायचे, हे तेच ठरवीत. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्या नात्यात वाढलेल्या पिढीला त्यात काही वावगे वाटत नसे. उलट मालकाने कामगारांना विचारून निर्णय घेतला असता, तर याला धंदा कळत नाही असाच समज झाला असता.

कारखान्यात येण्यापूर्वी मी रायबंदरला नोकरदारांसाठी भरणारे व्यवस्थापनाचे संध्याकाळचे वर्ग केले होते. तेथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा विद्यापीठात केलेले, १९३९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग शिकवले गेले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी हस्तकला दिली होती आणि प्रौढ नेत्याने कधी हुकमी, कधी लोकशाही, तर कधी पूर्ण मोकळीक देणारी रीत वापरली होती. हुकमी गटातील काम प्रमाणाने कमी नव्हते, पण नेता खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. लोकशाही गटात ते बरेचसे चालू राहत. हे ऐकताना मला आमची शेड आठवली, मात्र ती या निष्कर्षात पूर्णपणे बसत नव्हती. वडील खरेदीसाठी केपे-सांगेकडे गेले की बॉयलर आणि ड्रायर यांच्याकडील माणसे सैलावत, पण बी फोडणाऱ्या बायकांच्या कामात तसूभरही फरक पडत नसे.

याचा उलगडा स्टीव्हन कर आणि जॉन जर्मियर यांच्या १९७८ सालच्या मांडणीत सापडतो. कामगाराचा अनुभव, कामाचा ठरीव साचा आणि काम कसे झाले याची कामातूनच मिळणारी जाण या गोष्टी नेत्याची जागा घेऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्याकडे बी फोडणारी बाई हाताला एरंडेल चोळून बसते, कारण टरफलातील तेल कातडी भाजते. वाफवलेली बी ती पात्यांमध्ये धरते, पायाने पट्टी दाबून टरफलाला चीर पाडते, दांड्याने ते उकलते आणि गर काढून टोपलीत टाकते. मजुरी किलोवर मिळते आणि अख्ख्या गराचा दर तुकड्यापेक्षा जास्त असतो. पाते किंचित अधिक आत गेले की पाकळी झाली, हे तिला त्याच क्षणी दिसते. मी मागे उभा राहून त्यात काय भर घालणार? तेथे माझे काम एवढेच, की पात्यांना वेळेवर धार लागावी आणि वजनकाट्यावर कोणाचा संशय राहू नये.

बॉयलरची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी बंद झाल्या आणि डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील अनेक घरांची मिळकत एकाएकी थांबली. त्या काळात खाणीच्या वर्कशॉपमध्ये मुकादमी केलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते कमी बोलत आणि जे बोलत ते आज्ञेच्या स्वरूपात. दाब किती, झडप कधी उघडायची, बूट कोणते घालायचे, यावर त्यांच्यासमोर चर्चा नसे. काही तरुण कामगारांना हे जाचक वाटले आणि त्यांनी माझ्याकडे तक्रारही केली. मी त्यांचे ऐकून घेतले, पण मुकादमांना स्वभाव बदलायला सांगितले नाही. फ्रेड फिडलर यांनी १९६७ साली मांडले होते, की नेत्याची मूळ धाटणी सहसा बदलत नाही, म्हणून माणसाला परिस्थितीत बसवण्यापेक्षा परिस्थितीला साजेसा माणूस निवडावा किंवा परिस्थितीच बदलावी. लहान कारखान्याला हा विचार परवडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. एकाच मालकाने सकाळी हुकूम सोडावा, दुपारी सल्ला घ्यावा आणि संध्याकाळी मोकळीक द्यावी, ही अपेक्षा कागदावर शोभते. आम्ही त्या रीती वेगवेगळ्या माणसांत वाटून टाकल्या.

ब्लेक आणि माउटन यांच्या १९६४ सालच्या, नेतृत्व मोजण्याच्या जाळीत कामाची काळजी आणि माणसांची काळजी, अशा दोन्ही अंगांना एक ते नऊ अंक देतात. वर्गात आम्हा सर्वांना स्वतःची जागा दाखवायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी नऊ-नऊचा कोपरा गाठला होता. या जाळीविषयी मला याहून अधिक काही सांगायचे नाही.

प्रतवारीच्या टेबलावर मात्र एकट्याचे चालत नाही. एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात तो माल ३२० नंबरचा, १८० नंबरचा त्याहून बराच मोठा; ही झाली मोजणी, पण किंचित करपलेला गर पांढऱ्यात घ्यायचा की बाजूला काढायचा, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. येथे ज्येष्ठ काकी संशयास्पद गर एका ताटलीत जमा करतात, दुपारच्या चहाच्या वेळी ती ताटली सर्वांपुढून फिरते आणि जे ठरेल ते पुढच्या मालासाठी नमुना म्हणून राहते. माझा आग्रह वेगळा असला, तरी मी त्या ताटलीत हात घालत नाही.

पाश्चात्त्य मांडण्यांत न बसणारी एक बाजू आमच्याकडे आहेच. चवथीच्या आधी उचल मागायला येणारी कामगार बाई मला दादा म्हणते, आणि त्या हाकेत हक्क असतो. भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली मांडलेला नेता मायेने सांभाळतो, मात्र ती माया काम चोख करण्याशी बांधलेली असते. वडील नेमके असेच वागत. उचल देत आणि त्याच वेळी गेल्या महिन्यातील खाड्यांचा हिशेबही विचारीत. मी उचल चालू ठेवली, पण तिची मर्यादा सर्वांना दिसेल अशी फळ्यावर लिहिली, कारण मालकाच्या मर्जीवर सोडलेली माया कोणाला किती मिळाली, यावरून शेडमध्ये कुजबुज चाले.

येत्या हंगामापूर्वी आम्ही बी फोडण्याचे स्वयंचलित यंत्र बसवत आहोत. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ पासून मांडलेला विचार येथे उपयोगी पडेल. कामगार कामात नवखा असेल तर स्पष्ट सूचना, सरावला की हळूहळू मोकळीक, अशी त्याची दिशा आहे. आमच्या सर्वांत अनुभवी बायका या यंत्रापुढे काही आठवडे नवख्याच असतील, आणि आजवर ज्यांना कोणी काही सांगत नव्हते, त्यांना पायरीपायरीने सांगावे लागेल. ते काम मी बॉयलरच्या मुकादमांकडे न देता बी फोडण्याच्या टेबलावरील दोघींकडे दिले आहे. त्या दोघी यंत्र विकणाऱ्यांकडे आधी शिकून येतील, आणि तोपर्यंत जुनी पाती काढली जाणार नाहीत.