पणजीच्या माहेराचा शोध: माझा अनुभव

आमच्या घराण्याची वंशावळ संगणकावर उतरवण्याचे काम मी २०२२ च्या दिवाळीनंतर हाती घेतले, तेव्हा माझ्याजवळ वडिलांच्या हस्ताक्षरातील फुलस्केपचा एक कागद होता आणि त्यावर चार पिढ्यांतील केवळ पुरुषांची नावे होती. घरात आलेल्या सुनांची नावे त्यावर नव्हती, सासरी गेलेल्या लेकींचीही नव्हती, म्हणजे माझेही नव्हते. वडिलांनी हे मुद्दाम केले नव्हते. त्यांना त्यांच्या वडिलांनी जसे सांगितले तसे त्यांनी लिहिले होते. तरीही तो कागद पाहून मला फार वाईट वाटले आणि आजोबांच्या आईचे, म्हणजे माझ्या पणजीचे, माहेर शोधून काढायचेच असे मी त्याच दिवशी ठरवले.

आम्ही मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. आजोबा परळच्या गिरणीत कामाला लागले आणि तेव्हापासून आम्ही मुंबईकर झालो. आज आमची भावकी परळ, मुलुंड, विरार, पुणे, बडोदा आणि थेट टोरांटोपर्यंत पांगली आहे. त्यामुळे सर्वांना पाहता येईल आणि भर घालता येईल अशी जागा हवी होती. मी प्रथम फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर खाते उघडले. तेथे जगभराचा मिळून एकच सामाईक वृक्ष असतो. दिवंगतांची माहिती कोणालाही दिसते आणि दुरुस्तही करता येते, हयात व्यक्तींची मात्र सार्वजनिक होत नाही. हे समजल्यावर मी मूळ प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवण्याचे ठरवले. दर महिन्याला मी तिची जेडकॉम फाइल काढून ठेवते. वंशावळीची बहुतेक सर्व साधने ही फाइल वाचू शकतात, त्यामुळे उद्या एखादे संकेतस्थळ बंद पडले तरी केलेले काम वाया जात नाही.

माहिती गोळा करण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर भावकीचा गट केला आणि दर रविवारी सकाळी एकच प्रश्न विचारायचा असा नेम ठेवला. सुरुवातीला मी पंधरा रकान्यांचा तक्ता पाठवला होता, तो कोणीही भरला नाही. ‘थोरल्या काकूंचे माहेर कोणते?’ एवढेच विचारले की मात्र दुपारपर्यंत सहा-सात उत्तरे येत आणि त्यांतील दोन-तीन एकमेकांशी जुळत नसत.

सर्वांत मोलाची माहिती परळच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्यांकडून मिळाली. त्यांचे वय ८६ आहे. मी त्यांच्याजवळ बसून मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत असे. गावात आमच्या आडनावाची दोन घरे आहेत, वरचे आणि खालचे, आणि त्यांचा आमच्याशी नेमका संबंध काय हे कोणालाच सांगता येत नव्हते. आत्यांनाही मूळ पुरुषाचे नाव ठाऊक नव्हते, पण त्या सहज म्हणाल्या, “वरच्या घरातलं कुणी गेलं की आपल्याला दहा दिवस सूतक. खालच्या घराचं आपण तीनच दिवस धरतो.” मी जागच्या जागी थबकले. रूढ नियमाप्रमाणे सात पिढ्यांच्या आतील सपिंडांना दहा दिवसांचे सूतक असते आणि त्यापलीकडच्या सोदकांना तीन दिवसांचे. म्हणजे वरचे घर आमच्यापासून सात पिढ्यांच्या आत वेगळे झाले असणार आणि खालचे त्याच्याही आधी. कागदावर कोठेही नसलेली गोष्ट घरातल्या बायकांनी सोवळ्या-सुतकाच्या हिशेबात इतकी वर्षे जपून ठेवली होती. मी दोन्ही घरांच्या मुळाशी ‘नाव अज्ञात’ अशा दोन नोंदी केल्या आणि प्रत्येक नोंदीच्या टिपेत आत्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले.

मध्यंतरी एक मोठी चूक झाली. भावकीतील काही जणांनी दुसऱ्या एका संकेतस्थळावर वृक्ष उभारला होता. तेथे ‘या दोन व्यक्ती एकच असाव्यात’ अशी सूचना आली आणि आमच्यापैकी एकाने ती मान्य केली. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे पणजोबा आणि माझे थोरले काका एक होऊन बसले आणि दोघांची मुले एकाच रांगेत आली. ते वेगळे करायला मला तीन संध्याकाळ लागल्या. तेव्हापासून मी वडिलांच्या नावासह संपूर्ण नाव लिहिल्याशिवाय आणि जन्माचे निदान अंदाजे वर्ष घातल्याशिवाय नोंद करीत नाही. आपल्या पद्धतीत मधले नाव हाच मागच्या पिढीशी जोडणारा दुवा आहे आणि तो गाळला की सगळी साखळी तुटते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव उघड्यावर ठेवू नये, हेही मी सर्वांना विनवून सांगितले. काही ठिकाणी ओळख पटवण्यासाठी नेमके हेच विचारले जाते.

पणजीचा रकाना मात्र दीड वर्ष रिकामाच राहिला. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद असलेल्या वह्यांच्या प्रतिमा असल्याचे वाचले आणि आपलेही तीर्थोपाध्याय नाशिकला आहेत हे आठवले. आजोबा एकदा गोदावरीवर तीर्थश्राद्धासाठी गेल्याचे आत्या सांगत. मे २०२४ मध्ये मी पहाटेच्या गाडीने नाशिकला गेले. पंचवटीत आडनाव आणि गाव सांगितल्यावर गुरुजींनी लाल कापडात बांधलेली एक लांबट वही काढली आणि अर्ध्या तासात आमचे पान उघडले. आजोबांची सही मी लगेच ओळखली. रेशनकार्डाच्या अर्जावर होती तशीच, शेवटच्या अक्षराचा काना खाली ओढलेला. बाकीचा मजकूर मोडीत होता. गुरुजींच्या परवानगीने मी पानाचे छायाचित्र काढून घेतले.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे नावे वाचताना चूक होणे फार सोपे असते. मोडीच्या एका जाणकार बाईंनी ते पान दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकच वाचन निघाले. तिथी होती शके १८६४, माघ शुद्ध. शकात ७८ मिळवून १९४२ लिहायला मी निघाले होते. पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून ७९ मिळवून ते १९४३ झाले. त्या खाली आजोबांनी श्राद्धात ज्यांना पिंड दिले त्यांची नावे होती: वडील, आजोबा, पणजोबा, आई आणि मातामह. आजोबांचे मातामह म्हणजे माझ्या पणजीचे वडील. त्यांच्या नावापुढे आडनाव होते आणि गावही होते, लांजा तालुक्यातले.

त्या रविवारी मी गटावर प्रश्न टाकला नाही, पानाचे छायाचित्र टाकले. टोरांटोच्या चुलतभावाचा तिकडच्या मध्यरात्री फोन आला आणि आम्ही दोघेही बराच वेळ नीट बोलू शकलो नाही. आता महिन्यातून एकदा गुगल मीटवर सर्वजण भेटतात आणि वरच्या घरातील दोन कुटुंबेही त्यात आली आहेत. लांजा तालुक्यातील त्या गावात पणजीच्या भावाचे पणतू राहतात, असे फोनाफोनी करून समजले. त्यांनी माळ्यावरची जुन्या पत्रिकांची पेटी अजून उघडलेली नाही. मी आणि आत्या मे महिन्यात तेथे पोहोचल्यावरच ती उघडू, असे त्यांनी कळवले आहे.