पहिले 100 मिलीसेकंद

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सिस्मिक डेटा, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनींची नोंद, येतो तो बहुतेक समुद्रातला, तेलशोधाचा. त्या आठवड्यात मात्र माझ्याकडे कॅनडातल्या ग्रॅनाइटचा डेटा होता. हिऱ्यांसाठीचा.

हिरा लहरींना दिसत नाही. शोधायचा असतो किंबरलाइट, दीडशे किलोमीटरहून खोल जागेतून हिरे वर आणणारा खडक. तो उभ्या नळासारखा असेल, तर त्याच्या कडेवर आपटलेली लहर जिओफोनकडे, म्हणजे जमिनीवरच्या लहर टिपणाऱ्या यंत्राकडे, परतत नाही, बाजूला निघून जाते. तिथे चुंबकीय मोजणी बरी. इथे अपेक्षा होती ती आडव्या, किंचित कललेल्या चादरीची. जाडी जेमतेम अडीच मीटर. कॅनडातली स्नॅप लेकची खाण अशाच चादरीवर होती, म्हणून मला फार आशा वाटत होती.

चार दिवस झाले, स्टॅकवर, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र करून बनणाऱ्या चित्रावर, काहीच नाही. पाचव्या दिवशी डबा खायला उठवायला आलेले सर माझ्या मागे थांबले.

"म्यूट कुठे लावलायस गं?"

"100 मिलीसेकंदांवर, सर. त्याआधीचं सगळं कापलंय, नेहमीसारखं."

"ग्रॅनाइटमध्ये लहर सेकंदाला 6 किलोमीटर धावते. 120 मीटरवर जाऊन परत यायला किती वेळ?"

मी मनात हिशेब केला. 40 मिलीसेकंद. पोटात धस्स झालं. समुद्राच्या डेटात सुरुवातीचा गोंगाट कापून टाकायची सवय हाताला लागलेली, आणि जे शोधत होते तेच मी रोज त्या गोंगाटासोबत कापत होते!

डबा तसाच राहिला. एकेक शॉट, म्हणजे एकेका धक्क्याची नोंद, उघडून म्यूट हाताने नव्याने आखला. दूरच्या जिओफोनवर हे परावर्तन पहिल्या लहरीत मिसळून जातं, जवळच्यांवरच सुटं दिसतं. त्यामुळे तिथे दोन-दोन मिलीसेकंदांसाठी झगडावं लागलं. वरच्या फ्रिक्वेन्सी जपल्या. एवढ्या पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसणार नाहीत हे ठाऊक होतं, पण तो आहे एवढं तरी कळायला हवं होतं.

सात वाजता नवा स्टॅक उमटला. 39 मिलीसेकंदांपाशी एक बारीक रेघ, उजवीकडे खाली उतरत गेलेली. मी सरांना हाक मारली. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि बोअरहोलची नोंद वाचायला लागले. रेघेवरून माझी खोली येत होती 117 मीटर. नोंदीत किंबरलाइट लागला होता 118 वर.

"आता दुसरं बोअरहोल बघ," सर म्हणाले.