पिंगुळीचा रावण आणि साठ अणूंचा चेंडू

कुडाळहून वेंगुर्ल्याला निघालो होतो ते किनाऱ्यावर बसून ताजा बांगडा हाणायला. पण भाची फिजिक्सवाली, तिनं वाटेत पिंगुळीला गाडी थांबवायला लावली. पिंगुळी म्हणजे ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या. इथल्या परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ची पद्मश्री जाहीर झाली.

पडदा, मागे दिवा, मध्ये रावण. चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड येतो आणि पडद्यावर त्याचे दागिने उमटतात. बाहुली दिव्याकडे नेली की सावली अक्राळविक्राळ पण धूसर. पडद्याला टेकवली की रेघन् रेघ स्पष्ट. भाचीनं हौसेनं काठी हातात घेतली आणि रावणाला गदागदा हलवला. मागून बाहुलीवाल्या काकांचा आवाज आला, "सावकास गो बाय, घाय कित्याक?"

ती हसत सुटली. म्हणाली, "मामा, डिट्टो हेच!" मग बाहेर चहा घेताना सगळं सांगितलं. व्हिक्टोरिया वेस्ना ही कलाकार आणि जेम्स गिमझेव्स्की हा नॅनोशास्त्रज्ञ, दोघं लॉस एंजेलिसचे. त्यांनी २००२ मध्ये 'झिरो ॲट वेव्हफंक्शन' नावाची कलाकृती केली. भिंतीवर भलेमोठे बकीबॉल, म्हणजे ६० कार्बन अणूंचे पोकळ रेणू. खरा बकीबॉल जेमतेम एक नॅनोमीटरचा, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाएवढा. आपली सावली पडली की भिंतीवरचे हे रेणू हलतात, पण हात सावकाश फिरवला तरच.

'क्वांटम' (अणूंच्या जगाचं शास्त्र) असं नाव लावून रंगीत दिवे फिरवणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. या भिंतीवरही क्वांटम असं काही घडत नाही. तो प्रोजेक्टरचा आणि संगणकाचा खेळ. तरी हे पटलं, कारण गिमझेव्स्कींचं हत्यारही असंच लांबून चाचपणारं. १९८१ साली बिनिग आणि रोहरर या शास्त्रज्ञांनी बनवलेल्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई पृष्ठभागाला टेकतच नाही. मधली फट इलेक्ट्रॉन ओलांडतात, आणि ती ०.१ नॅनोमीटरनं कमी झाली की प्रवाह साधारण दहापट वाढतो. त्यावरून अणूंचा उंचसखलपणा कळतो. असल्या सुईला धसमुसळेपणा चालेल कसा?

निघताना भाचीनं विचारलंच, "काका, चामड्याचा बकीबॉल कराल? साठ भोकं पाडायची फक्त."

"साठच? आमच्या रावणाक हेच्यापेक्षा जास्ती आसत."