आमची वाटचाल : हिंगणघाटच्या वावरातून

हिंगणघाट तालुका म्हटला की लोकांना कापूस अन् जिनिंगच आठवतं. आमचं शेडही पऱ्हाटीच्या वावराला लागूनच आहे, पण आत काचेच्या धाग्याचं विणकाम असलेल्या थर्मोप्लास्टिकच्या, म्हणजे तापवलं की मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या, शीट तापवून वळवल्या जातात. ट्रॅक्टरचे मडगार्ड, सीटच्या पाठी आणि फवारणी पंपाची पाठीला टेकणारी फळी, ही मुख्य कामं.

सुरुवात हाताने थापायच्या फायबरने झाली. रेझिनमध्ये, म्हणजे चिकट पातळ प्लास्टिकमध्ये, ते घट्ट करणारा हार्डनर मिसळायचा, ब्रशने लावायचं, कडक होईपर्यंत थांबायचं. रेझिनमधल्या स्टायरीन या रसायनाचा वास पोरांच्या कपड्यांतून जात नसे. शिवाय तो माल एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, म्हणून शेडमागे तुकड्यांचा ढीग वाढत गेला. तेव्हा पुन्हा वितळवता येणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन या थर्मोप्लास्टिकच्या शीटकडे वळलो. ते साधारण 165 अंशांना वितळतं. आम्ही इन्फ्रारेड हीटरखाली 190-200 अंशांपर्यंत नेतो, काही सेकंदांत प्रेसमध्ये आणतो आणि कोमट साच्यात दाबून ठेवतो. थोड्या वेळात नग बाहेर.

सगळं कसब गोलाईत आहे. लोखंडी पत्रा ठोकला की ताणतो. काचेचा धागा ताणत नाही. शीट घुमटासारख्या भागावर बसते ती उभ्या-आडव्या धाग्यांमधला काटकोन तिरपा होतो म्हणून. एका हद्दीनंतर धागे एकमेकांना अडतात आणि सुरकुती उठते. सुरकुती पडलेल्या जागी ताकद कमी होते, असा नग आम्ही देत नाही.

ही अडचण सोडवली कटिंगवरच्या ताईंनी. त्या आधी गावात ब्लाउज शिवायच्या. गळ्याची उरेब पट्टी वळणावर जशी बसते, तशीच ही शीट बसेल, असं त्या म्हणाल्या आणि तुकडा तिरपा कापायला लावला. कडेचे स्प्रिंगचे चिमटे कुठे ओढते ठेवायचे आणि कुठे सैल, तेही त्यांनीच बसवलं. इंजिनिअर मुलं संगणकावर धाग्यांचे कोन काढतात, पण नव्या साच्याचा पहिला तुकडा ताईंनी पाहिल्याशिवाय प्रेस चालत नाही. गावात कुशल माणूस मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कटिंग टेबलाशी उभं राहावं.

थंड होताना शीट जाडीच्या दिशेने जास्त आकसते, धाग्याच्या दिशेने फार कमी. त्यामुळे काटकोनी कोपरा किंचित आत मिटतो. साचा तेवढाच उघडा ठेवावा लागतो. नायलॉनची शीट पावसाळ्यात हवेतला ओलावा पिते आणि तापवताना बुडबुडे येतात, म्हणून ती आधी ओव्हनमध्ये वाळवतो. हीटर चालू असताना वीज जाऊन चालत नाही, त्यासाठी जनरेटर घेतला. तो खर्च आजही जड वाटतो, पण इलाज नाही.

कापणीतले तुकडे आता ढिगात जात नाहीत. दळून, पुन्हा वितळवून त्यांपासून पंपाच्या पट्ट्याच्या जाड क्लिपा दाबतो. ताईंच्या हाताखाली गावातल्या दोन मुली कटिंग शिकत आहेत, आणि पुढचं काम बैलगाडीच्या आसनाचं घेतलं आहे.